शेवटचे चार आकडे

मी इन्कम टॅक्स रिटर्न भरून देते. सीए नाही. एम.कॉम. झाल्यावर एका ऑफिसात सात वर्षं घासली आणि मग स्वतःचं सुरू केलं. एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक असिस्टंट आणि कागद गिळणारा प्रिंटर. क्लायंट बहुतेक पगारदार, थोडे पेन्शनर, थोडे छोटे धंदेवाले. पगारदाराचं काम सोपं असतं असं सगळ्यांना वाटतं, फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेला कर यांचा कंपनीने दिलेला दाखला, हातात आला की पंधरा मिनिटं. खरं तर त्यातली दहा मिनिटं 'मॅडम रिफंड किती' यातच जातात.

२०२५ ला रिटर्न भरायची ३१ जुलैची तारीख पुढे ढकलून १५ सप्टेंबर केली होती. लोकांना वाटलं आम्हाला दीड महिना जास्तीचा मिळाला, झालं काय तर जे २० जुलैला जागे व्हायचे ते सप्टेंबर तोंडावर आल्यावर जागे झाले आणि मधल्या काळात रोज फोन, अजून टाइम आहे ना मॅडम. असं सगळं चाललेलं असताना ऑगस्टच्या शेवटी एक जुने क्लायंट आले. नाव नाही सांगत. एका कारखान्यात सुपरवायझर, पन्नाशीला आलेले, मी त्यांना काका म्हणते. बरोबर त्यांची मुलगी, कॉलेजला असलेली. ती दोन-दोन पायऱ्या गाळत आधी वर आली, काका धापा टाकत मागून.

जुने क्लायंट म्हणजे मधे दोन वर्षं सोडून गेलेले. जुलै २०२३ ला त्यांचा मेसेज आला होता, मॅडम या वर्षी कंपनीतल्या सगळ्यांचं एकच जण करून देतोय, रिफंड पण काढून देतो, तर तिकडेच देतो. मी अंगठा पाठवला. नुसता अंगठा. आता खरं सांगायचं तर मला तेव्हाच कळलं होतं, कारण त्यांचा टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापला जाणारा कर, कंपनी दरवर्षी रुपयाला रुपया बरोबर कापते, गुंतवणुकीचे पुरावे फेब्रुवारीतच घेते, मग रिफंड निघणार कुठून? पण मी चिडले होते. पाच वर्षं ज्यांचं काम नीट केलं ते असे एका मेसेजवर गेले, जाऊ देत, असं वाटलं. एक फोन करायला हवा होता, तो केला नाही.

काकांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून दोन कागद काढले. दोन वर्षांच्या रिटर्नच्या पावत्या, आयटीआर-व्ही म्हणतात ती. एकेका पानाची. हेच आहे मॅडम, बाकी त्याने काही दिलं नाही. झालं असं होतं की जुलैमध्ये बातमी आली, १४ जुलैला खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली, खोट्या वजावटी, म्हणजे करपात्र उत्पन्नातून वजा होणाऱ्या रकमा, दाखवून रिफंड काढून देणाऱ्यांवर. मग कारखान्यात कुजबुज सुरू झाली, दोघा-तिघांना खात्याचे मेसेज आले की तुमची वजावट तपासा आणि रिटर्न दुरुस्त करा, आणि तो रिफंडवाला फोन उचलेना, मग फोन बंदच. काकांना मात्र काहीच आलं नव्हतं. म्हणून ते निवांत होते, मुलगी नव्हती. तिनेच त्यांना आणलं.

मी म्हटलं पोर्टल उघडू. पासवर्ड? तो त्याच्याकडे. मग आधार ओटीपीवर पासवर्ड बदलला, ओटीपी मुलीने वाचून दाखवला, काकांचा फोन तिच्याच हातात होता. आत शिरल्यावर मी आधी प्रोफाइल बघते, ती सवयच आहे. तिथे मोबाइल नंबर भलताच. आणि ईमेल म्हणजे काकांच्या आडनावापुढे सहा-सात आकडे, असला कसला तरी. हा तुमचा मेल आहे का? नाही हो, मी कुठे मेल वापरतो.

म्हणजे त्यांना काही आलं नव्हतं असं नाही, आलं असेल तरी भलत्याकडे गेलं होतं. खात्याने त्या कारवाईबद्दल जे पत्रक काढलं होतं त्यात हेच होतं, ही मंडळी घाऊक रिटर्न भरण्यापुरते मेल आयडी बनवतात आणि मग सोडून देतात, नोटिसा तिथे न वाचता पडून राहतात. पेपरात वाचलेलं असं समोर स्क्रीनवर दिसलं की पोटात गोळा येतो.

पहिल्यांदा ई-प्रोसीडिंग्ज उघडलं, खात्याच्या नोटिसा दिसतात ते पान. माझी खरी भीती तिथे होती, कारण तेव्हा एकदा का स्क्रूटिनी (सखोल तपासणी) किंवा फेरनिर्धारणाची नोटीस निघाली की त्या वर्षाचं रिटर्न स्वतःहून सुधारायची वाट बंद व्हायची. गोल गोल फिरत राहिलं ते पेज, पोर्टलला त्या दिवसांत दम लागलेलाच असतो. आलं एकदाचं. रिकामं. मी मोठ्याने हुश्श केलं आणि काकांना वाटलं सगळं संपलं, ते उठायलाच लागले. बसा म्हटलं.

मग भरलेले पूर्ण फॉर्म डाउनलोड केले. हे कोणी करतच नाही. एका पानाच्या पावतीवर एकूण उत्पन्न, कर, रिफंड एवढंच असतं, कुठली वजावट दाखवून तो रिफंड आला हे तिच्यावर नसतं, आणि लोक तीच पावती जपून ठेवतात, लोनला लागते म्हणून. पहिल्या वर्षी, म्हणजे असेसमेंट इयर (आधीच्या वर्षाच्या उत्पन्नाचं रिटर्न भरतात ते वर्ष) २०२३-२४ ला, ८०जीजीसी या कलमात दीड लाख. राजकीय पक्षाला दिलेली देणगी. काका म्हणाले, मी? पक्षाला? आमच्या युनियनची वर्गणी द्यायला मी तीन महिने लावतो. मुलगी हसली. त्या वर्षीच्या फॉर्ममध्ये तिथे नुसता आकडा टाकायचा रकाना होता, तपशील विचारतच नव्हते, त्यामुळे त्याचं काम सोपं.

२०२४-२५ चा फॉर्म मात्र बदलला होता, तपशील द्यावा लागत होता. तर ह्या गड्याने तारीख, व्यवहार क्रमांक, बँकेचा आयएफएससी सगळं ठोकून दिलेलं, पुन्हा दीड लाख. आणि त्याच्याखाली ८०डीडी, एक लाख पंचवीस हजार. ही वजावट घरात दिव्यांग व्यक्ती अवलंबून असेल तर मिळते, पंच्याहत्तर हजार, आणि तीव्र स्वरूपाचं अपंगत्व असेल तर सव्वा लाख. मॉनिटर मी त्यांच्याकडे वळवलेलाच होता, मी काही बोलायच्या आत मुलगी वाकून वाचायला लागली. सिव्हिअर डिसॅबिलिटी. टाइप ऑफ डिपेंडंट, डॉटर. मग पुढचा रकाना.

'हा माझा आधार नंबर आहे.'

काका म्हणाले नसेल गं. ती म्हणाली शेवटचे चार आकडे बघा बाबा, परीक्षेच्या फॉर्मवर दर वेळी मीच लिहिते.

मग निघालं की त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर घरातल्या सगळ्यांच्या आधारचे फोटो मागवले होते, खात्याला लागतात म्हणून. काकांनी पाठवले, आणि ओटीपी मागितला तो पण सांगितला. त्या ओटीपीने काय होतं हे मी त्यांना सांगितलं, की फॉर्मच्या शेवटी एक प्रतिज्ञा असते, वरची सगळी माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे अशी, आणि ओटीपी टाकला की त्याखाली तुमची सही झाली. तो रिफंडवाला त्या कागदावर कुठेच नाही. ते काहीच बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले, बराच वेळ.

मग हिशोब. कागदावरच केला, त्यांच्यासमोर, कारण स्क्रीनवरचे आकडे लोकांना खरे वाटत नाहीत. दोन्ही वर्षं वीस टक्क्यांचा स्लॅब आणि चार टक्के सेस. पहिल्या वर्षी दीड लाखावर ३१,२०० रिफंड आला होता, दुसऱ्या वर्षी पावणेतीन लाखावर ५७,२००. म्हणजे ८८,४००. त्यातले वीस टक्के त्याने घेतले, १७,६८०. काकांच्या हातात राहिले ७०,७२०. आता परत करायचे तर पूर्ण ८८,४०० परत, त्याने घेतलेले धरून. वर अपडेटेड रिटर्नचा, म्हणजे मागाहून स्वतः सुधारून भरायच्या रिटर्नचा, जादा कर. असेसमेंट इयर संपून एक वर्षाच्या आत भरलं तर २५ टक्के, दुसऱ्या वर्षात ५० टक्के. म्हणजे ५७,२०० वर १४,३०० आणि आधीच्या वर्षाच्या ३१,२०० वर १५,६००. सगळं मिळून १,१८,३००, आणि व्याज आणि त्यावरचा जादा कर निघेल तो वेगळा.

काका म्हणाले, आत्ता काही आलेलं नाही ना मॅडम, मग कशाला उकरून काढायचं.

हा प्रश्न मला अपेक्षित होता, दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. मी त्यांना कलम २७०ए सांगितलं, खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर वाचवलेल्या कराच्या दुप्पट दंड, म्हणजे एका दुसऱ्या वर्षाचेच १,१४,४०० आणि ते मूळ कर सोडून. त्यांनी मान हलवली पण चेहऱ्यावरून कळत होतं की आकडे आत जात नाहीयेत, ते मनात 'सापडलो तर' आणि 'नाही सापडलो तर' एवढंच करत होते. मी पण माणूस आहे, मला वाटलं जाऊ दे, यांचा पैसा, यांचा निर्णय, बाहेर चार जण थांबलेत.

मुलगीच बोलली. बाबा, माझं नाव आहे त्यात. बस एवढंच. काकांनी विचारलं, किती दिवसांत भरावे लागतील.

सोसायटीतलं थोडं कर्ज काढून त्यांनी आठ-दहा दिवसांत पैसे उभे केले. आधी चलनाने कर भरला, मग अपडेटेड रिटर्न, दोन वर्षांची दोन. त्या फॉर्ममध्ये रिटर्न का सुधारताय याची कारणं निवडायची यादी आहे, उत्पन्न बरोबर दाखवलं नव्हतं, चुकीच्या हेडखाली दाखवलं, कराचा दर चुकला वगैरे. काकांनी पूर्ण यादी वाचली आणि म्हणाले, मला माहीतच नव्हतं असं नाहीये का यात? नाही. 'इतर' निवडलं. ओटीपी आला तेव्हा त्यांनी लगेच सांगितला नाही, म्हणाले आधी मला वाचू द्या, आणि बोट ठेवून पानन् पान वाचलं, इंग्रजी अडलं की मुलीला विचारत. पाऊण तास गेला त्यात. बाहेरचे लोक कावले होते, पण मी काही बोलले नाही.

त्याच बैठकीत २०२५-२६ चं नेहमीचं रिटर्नही भरलं. मोबाइल बदलला, मेल नवीन काढून टाकला, पासवर्ड त्यांच्या वहीत त्यांच्याच हाताने. रिफंड शून्य. फी विचारली तेव्हा म्हणाले, तुम्ही टक्क्यात घेत नाही ना. मी म्हटलं शून्याचे किती टक्के घेऊ काका.

तो जो कोणी रिफंडवाला होता त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. त्या कारखान्यातले अजून सहा जण नंतर माझ्याकडे आले, एकाच्या फॉर्ममध्ये न घेतलेल्या शैक्षणिक कर्जाचं व्याज होतं, एकाच्यात इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाचं, आणि तो अजून बसने जातो. त्यातल्या दोघांनी सुधारायला नकार दिला, मी त्यांचं त्या वर्षीचं काम घेतलं नाही. आणि हो, आता कोणी 'या वर्षी दुसरीकडे देतोय' असं कळवलं तर मी अंगठा पाठवत नाही, फोन करते. राग येतोच, पण करते.

काही दिवसांनी मुलीचा मेसेज आला, रिटर्न तपासून झाल्यावर खात्याकडून येणाऱ्या इंटिमेशनच्या मेलचा स्क्रीनशॉट. ताई, यात नो डिमांड नो रिफंड लिहिलंय, म्हणजे चांगलंच ना?

मी लिहिलं, चांगलंच.