शेपटी जंतूंची की नळीची?

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये एका डेअरीचं मसाला दूध आलं होतं. ६० अंश सेल्सिअसला लिस्टेरिया किती वेळ तग धरतो, ते मोजायचं होतं. रोग पसरवणारा जंतू कशाला उघडा, म्हणून त्याचा निरुपद्रवी भाऊबंद लिस्टेरिया इनोक्युआ घेतला.

स्क्रू कॅपच्या नळ्यांत १०-१० मिली दूध. ते वॉटर बाथमध्ये ६० ला आलं की कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जंतू, सोडायचं आणि नळी हलवायची. सुरुवात दर मिलीला १ कोटी पेशींनी. मग दर २ मिनिटांनी एक नळी बर्फात.

प्लेटांवर उगवलेल्या कॉलनी मोजल्या. ०, २, ४, ६ मिनिटांचे लॉग (१० चा घात; १ कोटी म्हणजे ७) ७.०, ५.८, ४.६, ३.५. सरळ रेघ. डी-व्हॅल्यू, म्हणजे पेशी एक दशांशावर यायला लागणारा वेळ, १.७ मिनिटं. पण ८ ला ३.३ आणि १० ला ३.२! रेघ खाली जायची थांबून आडवी झाली; हीच ती शेपटी. सगळे बिंदू धरले तर डी २.५ होतो, म्हणजे ६ लॉग घटीला (पेशी दहा लाखांश व्हायला) १० ऐवजी १५ मिनिटं.

'जंतूच चिवट असेल,' असं कुणीतरी म्हणालंच. असतातही तसे. पण आधी संशय नळीवर घ्यावा. बाथचं पाणी दुधाच्या पातळीपेक्षा जेमतेम बोटभर वर होतं. बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आतून नळीच्या गळ्याशी टेकवला, तर ५१ अंश. हलवताना तिथे उडालेल्या थेंबाला ६० ची धग लागतच नाही. टाचणीच्या डोक्याएवढा, २ मायक्रोलिटरचा थेंब धरा: त्यात २०,००० पेशी. बर्फातून काढलेली नळी पुन्हा हलवली की त्या १० मिलीत उतरतात. दर मिलीला २,०००, लॉग ३.३. शेपटीचाच आकडा.

दुसऱ्या फेरीत कल्चर घातलेलं गार दूध केशनळ्यांत भरलं, प्रत्येकीत ५० मायक्रोलिटर. दोन्ही टोकं ज्योतीवर बंद केली. टोकाशी थोडी हवा ठेवावी, नाहीतर सील करतानाच दूध करपतं. वजन लावून पूर्ण बुडवल्या, बर्फात गार केल्या, अल्कोहोलने पुसून अख्ख्याच्या अख्ख्या डायल्युएंटमध्ये, म्हणजे पातळ करायच्या द्रवात, फोडल्या. प्लेटिंग टीएसए-यीस्ट एक्स्ट्रॅक्ट या साध्या, पोषक माध्यमावर. सिलेक्टिव्ह (इतर जंतूंना रोखणाऱ्या) माध्यमावर उष्णतेने जखमी झालेल्या पेशी उगवत नाहीत आणि डी फसवा कमी येतो.

केशनळीत मुळात पेशीच ५ लाख, १० मिनिटांना जेमतेम एखादी उरणार. म्हणून शेवटच्या बिंदूला १० नळ्या एकत्र फोडल्या. मिळून ७ कॉलनी आल्या. दर मिलीला १४, लॉग १.१. मोजणीच्या दृष्टीने आकडा लहानच, पण पहिल्या फेरीतल्या पहिल्या चार बिंदूंची रेघ पुढे ओढली की तिथेच पोचते.