भुकेला कोंडा

महिन्यातून एका शनिवारी नवरा आमच्या गॅरेजमध्ये बिअर करतो. सकाळी सातला शेगडी पेटते, दुपारी दोनच्या सुमारास तो हात पुसत, खूश होऊन आत येतो आणि गॅरेजच्या दाराशी एक बादली ठेवलेली असते. बादलीबद्दल तो अवाक्षर काढत नाही. आमच्या संसारात बऱ्याच गोष्टी अशा नुसत्याच ठेवलेल्या असतात. त्या कुणी उचलायच्या, हे न बोलता ठरलेलं असतं.

बादलीत असतो सातूचा चोथा. सातू म्हणजे जव, म्हणजे बार्ली. (आजीच्या सातूच्या पिठात सातू कधीच नसायचा. गहू आणि डाळं असायचं. हे मला अमेरिकेत ओरेगनला आल्यावर उमगलं.) मोड आणून वाळवलेल्या जवाला माल्ट म्हणतात. नवरा ते भरड दळतो आणि साधारण ६७ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर झाकून ठेवतो. उकळू द्यायचं नाही, नाहीतर दाण्यातली विकरं मरतात, आणि पिष्टाची साखर करायचं काम तर त्यांचंच. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या बाईला यात नवल वाटायचं कारण नाही. तासाभराने ते गोड पाणी खालच्या तोटीतून काढून घेतात. टरफलांचाच थर गाळणीचं काम करतो. पाण्याची पुढे बिअर होते. मागे उरतात टरफलं, थोडी प्रथिनं आणि पुष्कळसा तंतू. साडेचार किलो माल्टची साधारण १९ लिटर बिअर होते आणि ओला चोथा सात-आठ किलो भरतो. नवरा १९ लिटरांचा हिशेब सांगतो, मला बादली उचलावी लागत असल्यामुळे सात-आठ किलोंचा पाठ आहे.

आमच्या पोर्टलंड शहरात ब्रुअऱ्यांना, म्हणजे बिअरच्या कारखान्यांना, तोटा नाही. मोठ्या ब्रुअऱ्यांचा चोथा शेतकरी गाईंसाठी नेतात. जुनीच रीत आहे ती, आपल्याकडे सरकीची पेंड जाते तशी. २०१३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या चोथ्यावर पशुखाद्याचे कडक नियम लावायचं मनावर घेतलं, तेव्हा ब्रुअर आणि शेतकरी एका सुरात ओरडले आणि पुढच्या वर्षी मसुदा बदलावा लागला. आमच्याकडे गाय नाही. खंडू आहे.

खंडू म्हणजे आमचा कुत्रा. तांबूस रंगाचा, सात वर्षांचा, प्राण्यांच्या आश्रयगृहातून आणलेला. जात विचारू नये. गरम पाण्यात भिजलेल्या माल्टचा, म्हणजे मॅशचा, वास सुटला की तो गॅरेजच्या दाराला नाक लावून बसतो. भाजलेलं धान्य, ओली भाकरी आणि थोडा गूळ, असा काहीसा वास असतो तो. पण उन्हाळ्यात बादली रात्रभर राहिली की दुसऱ्या दिवशी तिला आंबूस वास मारतो आणि तिसऱ्या दिवशी शेजारी खिडक्या लावून घेतात. म्हणून त्याच संध्याकाळी जे करायचं ते करावं लागतं.

मी बिस्किटं करते. चार वाट्या घट्ट पिळलेला चोथा, दोन वाट्या कणीक, वाटीभर पीनट बटर, एक अंडं. मीठ नाही, साखर नाही. मळायचं, जाडसर लाटायचं, कापायचं आणि १७५ अंशांवर अर्धा तास भाजायचं. पहिल्या वेळी मी इथेच थांबले. वरून खमंग दिसत होती, डब्यात भरली, आणि पाचव्या दिवशी डबा उघडला तर आत हिरवी लव. टरफलं पाणी धरून ठेवतात. भाजणं वेगळं आणि वाळवणं वेगळं, हे खानदेशात वाढलेल्या मुलीने विसरावं म्हणजे कमाल आहे. आता भाजून झाल्यावर ओव्हन १०० अंशांच्या आसपास उतरवते आणि बिस्किटं रात्रभर आत ठेवते. सकाळी ती मोडताना कट्ट असा आवाज आला पाहिजे. ओव्हन म्हणजे भुसावळचं ऊनच, फक्त त्याचं बिल येतं.

पीनट बटरचा डबा मात्र दर वेळी चष्मा लावून वाचते. काही कंपन्या त्यात झायलिटॉल नावाची साखर घालतात, कधी ‘बर्च शुगर’ या गोंडस नावाने. माणसाला ती चालते, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर तिने एकदम कोसळते आणि यकृतही जाऊ शकतं.

दुसरा शत्रू आमच्याच कुंपणावर चढलेला आहे. हॉप्स. बिअरला कडवटपणा आणि वास देणारी ही हिरवी फुलं इथल्या मातीला मानवतात. नवऱ्याचा लाडका कॅस्केड हा वाण ओरेगनमध्येच तयार झाला आणि १९७२ साली बाजारात आला, हे तो येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. पाहुण्यांना मी दुसरं सांगते. हॉप्स कुत्र्याच्या पोटात गेले तर त्याचं अंग तापत जातं, धाप लागते, आणि वेळेत दवाखाना गाठला नाही तर जीव जातो. ताजे असोत, वाळलेले असोत, उकळून झालेले असोत, फरक पडत नाही. चोथा सुरक्षित असतो तो केवळ क्रमामुळे: आधी धान्य गाळून बाहेर येतं, मग उरलेलं पाणी उकळतं आणि त्यात हॉप्स पडतात. पण पातेल्याच्या तळाचा हॉप्सचा गाळ कुणी आळसाने त्याच बादलीत ओतला तर? एकदा ओतला होता. कुणी ते सांगत नाही, घरात दोनच माणसं आहेत. ती अख्खी बादली मी बांधून कचऱ्यात टाकली आणि तेव्हापासून आमच्याकडे दोन बादल्या आहेत, एक पांढरी, एक लाल. सोवळ्यातलं पाणी कुणी इतकं जपलं नसेल.

गेल्या वर्षी मे महिन्यात आई आली. तिच्या पहिल्याच शनिवारी गॅरेजमधून वास आला तशी म्हणाली, “सत्त्व शिजतंय का गं कुणाचं?” मी सांगितलं. ती खुर्चीत बसली.

“म्हणजे हातभट्टी.”

“बिअर आहे आई.”

“गॅरेजात लावली तर हातभट्टीच. पोलीस?”

तिचं चुकत नव्हतं. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि नियमाप्रमाणे नुसती प्यायलासुद्धा परवाना लागतो. तिला सांगितलं की इथे १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर, करायची मुभा आहे. विकायची नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत मात्र २०१३ उजाडावं लागलं. आईने साडेसातशे हा आकडा मनात घोळवला आणि जावयाकडे अशा नजरेने पाहिलं की तो झाडांना पाणी घालायला निघून गेला.

बादली पाहिली तेव्हा मात्र ती उठली. मूठभर चोथा घेतला, पिळला, बोटांनी चोळला. “हा तर चिकाचा चोथा.”

कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून, पिळून चीक काढायचा. मग चीक रात्रभर निवळतो, सकाळी शिजतो, पोरं वाट्या घेऊन चुलीभोवती जमतात, आणि कुरडया खाटेवर पडल्या की शेजारणी बघून जातात. चोथ्याकडे कुणी बघत नाही. तो म्हशीला जातो, नाहीतर तिखट, तीळ, लसूण घालून त्याच्या भुसवड्या होतात. लहानपणी पाहुण्यांच्या ताटात कुरडई असायची आणि आम्हाला भुसवडी मिळायची. मला भुसवडीच जास्त आवडायची, पण तसं म्हणायची पद्धत नव्हती.

आईने पदर खोचला. तिला फक्त साचा पटला नाही. माझ्याकडे कुत्र्याच्या बिस्किटांचा हाडाच्या आकाराचा साचा आहे. “आपल्या घरात हाडं लाटायची?” तिने बॅगेतून शंकरपाळ्याचं कातणं काढलं. (अमेरिकेला येताना तिने कातणं का आणलं, हे मी विचारलं नाही.) पीनट बटर तिला महाग वाटलं म्हणून तिने अर्धं कमी करून उकडलेलं गंगाफळ घातलं, पुणेकर ज्याला लाल भोपळा म्हणतात ते. बिस्किटं आधीपेक्षा हलकी झाली, हे कबूल करायला मला आठवडा लागला.

मी नेहमी एक तुकडा चाखते. भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी लागतात, अळणी, दातात टरफल अडकतं. आईने माझा हात धरला. “चाखू नये. खंडोबाच्या कुत्र्याचा घास आहे.” चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की ती पहिला रोडगा दारातल्या कुत्र्यालाच घालते. खंडूचं नाव आम्ही ठेवलं तेव्हा इतका विचार केला नव्हता.

खंडूचं मत काय, तर त्याला मत नाही. तो खातो. नवऱ्याची बिअर चाखून मित्र म्हणतात, “वेगळी आहे.” मग एक जण म्हणतो, “अजून दोन आठवडे ठेवलीस तर…” खंडूच्या शेपटीला अशी पूर्णविरामापूर्वीची टिंबं येत नाहीत. दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त खाऊ द्यायचा नाही, असं पशुवैद्याने बजावलं आहे. आईने एका दुपारी हा नियम मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरवायला मी घेऊन गेले होते, आणि इतक्या तंतूचं पुढे काय होतं त्याचा तपशील द्यायला हवा असं नाही. दोन पिशव्या पुरल्या नाहीत.

ऑक्टोबरात आई परत गेली. कातणं इथेच राहिलं. यंदा एप्रिलमध्ये कुरडयांच्या दिवशी तिचा फोन आला. मागे कुत्री भुंकत होती.

“खाटेपाशी काठी घेऊन बसलेय,” म्हणाली. “गल्लीतली सगळी जमलीत.”

“भुसवड्यांना येत नसतील, तिखट असतात.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. “चार अळणी घातल्यात,” म्हणाली, “बाजूला. तुझ्या बाबांना सांगू नकोस.”