दोन संध्याकाळी खाऱ्या थेंबांनी खाल्ल्या

वादळी समुद्र, काळे खडक आणि मावळतीचा फोटो मला हवा होता. त्यासाठी तीन संध्याकाळी गेले. फोटो मिळाला तिसऱ्या दिवशी. आधीच्या दोन संध्याकाळी ढगांनी किंवा पावसानं वाया घालवल्या असत्या तर इतकी चिडले नसते. घालवल्या त्या लेन्सच्या काचेवर बसलेल्या थेंबांनी, आणि खरं सांगायचं तर माझ्या घाईनं.

जागा आणि भरतीची वेळ आधीच पाहून ठेवली होती, त्यात अडलं काहीच नाही. पहिल्या दिवशी सूर्य ढगांखालच्या फटीत उतरला, लाटा खडकावर फुटत होत्या आणि मी खटाखट फोटो काढत होते. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. घरी मोठ्या पडद्यावर उघडलं, तर आभाळाला देवीचे वण पडलेले! एकही फोटो धड नव्हता.

त्यात माझाच हातभार होता, हे नंतर उमगलं. सूर्य समोर असला की काचेवरचा प्रत्येक थेंब उजळून निघतो. वर मी लेन्स वाइड (रुंद दृश्य टिपणारी) लावलेली, आणि शटर जास्त वेळ उघडं राहावं म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/१६ पर्यंत बारीक केलेलं. छिद्र जितकं बारीक, तितके काचेवरचे डाग ठसठशीत. एफ/८ (म्हणजे मोठं छिद्र) ठेवलं असतं तर निदान थोडे पुसट तरी झाले असते.

दुसऱ्या दिवशी शहाणी होऊन मऊ फडकं घेऊन गेले. थेंब दिसला की पूस. पण समुद्राचा शिंतोडा म्हणजे नुसतं पाणी नव्हे. कोरड्या फडक्यानं पुसलं की मीठ काचभर पसरतं. दोनदा पुसल्यावर फिल्टरवर (लेन्सपुढे लावलेल्या काचेवर) दुधाळ साय आली, आणि सूर्याभोवती धुक्यासारखा पांढरा गोळा दिसायला लागला. मी आणखी जोरात घासलं. साय आणखी पसरली. सूर्याला स्वतःच्या व्यासाइतकं सरकायला २ मिनिटं पुरतात. मी मात्र समुद्राकडे अर्धी पाठ करून (हे कधीच करू नये, ते वेगळं) ओढणीच्या टोकानं काच घासत उभी! मान वर केली तेव्हा लाल पट्टा विझत आला होता. त्या घासण्यानं पडलेला बारीक ओरखडा फिल्टरवर अजून आहे. उजेडात धरला की दिसतो आणि मी पुन्हा चिडते.

उपाय अगदी साधा निघाला. फडकी दोन न्यायची आणि गोड्या पाण्याची छोटी बाटली. आधी ओल्या फडक्यानं मीठ उचलून घ्यायचं, मग कोरड्यानं टिपायचं. कोरडं फडकं लेन्सवर तसंच झाकून ठेवायचं, हवी ती लाट आली की काढायचं, शटर दाबायचं, पुन्हा झाकायचं. दर तीन-चार फोटोंनी पडद्यावर आभाळ मोठं करून बघायचं. छत्रीच्या फंदात पडू नका, माझी छत्री पहिल्याच झोतात उलटली.

प्रकाश अडवणारा सहा स्टॉपचा काळा फिल्टर मला पुरला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). तो प्रकाश ६४ पटीनं कमी करतो, म्हणजे शटर १/१२५ सेकंदाऐवजी अर्धा सेकंद उघडं ठेवता येतं. तेवढ्यात खडकावरून ओघळणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या शिरा उमटतात आणि लाटेचा जोरही राहतो. दहा स्टॉपचा लावून ३० सेकंद उघडं ठेवलं, की समुद्राचं धुकं होतं आणि तेवढा वेळ थेंबही गोळा होत राहतात.

तिसऱ्या दिवशीचा फोटो सूर्य बुडाल्यावर दहा-बारा मिनिटांनी मिळाला. ढगांची पोटं खालून पेटली होती. प्रकाश इतका उतरला होता की अर्ध्या सेकंदासाठी फिल्टरची गरजच उरली नाही. एक काच कमी पुसायची, याचाच मला रंगांपेक्षा जास्त आनंद झाला. त्यामुळे सूर्य गेला म्हणून आवरायला घेऊ नका.

खडकाचं सांगायचं राहिलं. पोचल्यावर वीसेक मिनिटं नुसत्या लाटा बघा. लहान लाटांमागून मोठ्या लाटांचा घोळका अचानक येतो. तुम्ही उभे आहात तो खडक ओला असेल, तर ती जागा समुद्राची आहे. मागे सरका.

ट्रायपॉडचा (कॅमेऱ्याच्या तिपाईचा) मधला दांडा वर काढू नका, वाऱ्यात तो थरथरतो. बॅग खाली लटकवलीत तर ती जमिनीला टेकू द्या, नाहीतर तीच झुलते. आणि घरी आल्या आल्या ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्यानं धुवा. मी पहिल्या दोन रात्री वैतागून तसाच कोपऱ्यात उभा केला. खालचा सांधा अजून फिरवताना करकरतो.