तिसरा अंतरा

काव्यवाचनाच्या कार्यक्रमाला साउंडवाले सहसा नवशिक्या पोराला पाठवतात. एक माईक, दोन स्पीकर, वाद्यं नाहीत, मग काम काय असणार? मला उलट तेच काम अवघड वाटतं. वाद्यमेळात बरंच काही झाकलं जातं. एकटा माणूस बोलत असला की कागदाची सळसळसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. शिवाय कवी ओळीच्या शेवटी आवाज खाली नेतात आणि नेमका अर्थ तिथंच असतो.

त्या संध्याकाळचे पाहुणे ऐंशी ओलांडलेले कवी आणि गीतकार. त्यांची गाणी ऐकतच माझी पिढी वाढली. चाचणीला आले तेव्हा संयोजक मला सांगत होते, ‘‘थोडा एको द्या, भारदस्त वाटतं.’’ हे लगेच म्हणाले, ‘‘एको गाण्याला द्या. शब्दाला शेपूट नको.’’ मग माईकपासून वीतभर अंतर ठेवून, तोंड किंचित तिरकं करून उभे राहिले. प-फ-ब-भ म्हणताना सुटणारी हवा माईकच्या बाजूनं निघून जावी म्हणून. एकाच माईकवर सगळ्यांचं ध्वनिमुद्रण व्हायचं त्या काळातली ही सवय. मी शंभर हर्ट्‌झच्या खालचं सगळं, म्हणजे खर्जातली नुसती घरघर, कापलं आणि मंचावरचे इतर माईक बंद केले. स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरला की शिट्टी वाजते; उघडे माईक दुप्पट झाले की ती तीन डेसिबल आधीच, म्हणजे आवाज तेवढा कमी असतानाच, वाजायला लागते, आणि या आवाजासाठी मला तेवढी जागा हवी होती.

कविता झाल्या. मग त्यांनी सगळ्यांना पाठ असलेलं एक गाणं काढलं. दोन शब्द होतात न होतात तोच सभागृह गुणगुणायला लागलं, टाळ्यांचा ठेकाही धरला. ते थांबले. सगळं शांत झाल्यावर हसून म्हणाले, ‘‘हे झालं संगीतकाराचं. आता माझं ऐका.’’

आणि वाचलं. चालीत पहिली ओळ तीनदा येते, म्हणून ती आर्जव वाटते. त्यांनी ती एकदाच म्हटली, तर तो चक्क टोमणा निघाला! दादरा तालाच्या सहा मात्रा जिथं श्वास घ्यायला लावतात तिथं ते थांबलेच नाहीत, कारण वाक्य पुढच्या ओळीच्या मध्यावर संपत होतं. इतकी वर्षं ऐकलेल्या गाण्यातलं वाक्य कुठं संपतं हे मला ठाऊकच नव्हतं. बोट फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीवर, आणि आवाज उतरेल तसा मी तो वर घेत होतो.

पुढं तिसरा अंतरा आला, कुणीच न ऐकलेला. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. मुखडा, दोन अंतरे, मधले संगीताचे तुकडे, की वेळ संपली. गाण्यात ती बाई वाट बघत राहते. कवितेत, तिसऱ्या कडव्यात, ती उठून निघून जाते. हे गाणं मी कितीतरी लग्नांत वाजवलंय.

प्रश्नोत्तरांत ‘आधी चाल की आधी शब्द’ हा ठरलेला प्रश्न आलाच. म्हणाले, सिनेमात बहुतेक वेळा चाल आधी. संगीतकार अर्थहीन अक्षरं भरून चाल ऐकवायचा, आपण लघु-गुरू मोजत बसायचं. सूर लांबणार तिथं ‘आ’कार सापडला तर उत्तम. ‘‘‘इ’वर तान घ्यायला लावलीत तर गायिका तुमचं नाव लक्षात ठेवते, पण चांगल्या कारणासाठी नाही.’’ बाकीचे प्रश्न पुरस्कारांबद्दल होते, ते सोडतो.

वायरी गुंडाळत होतो तेव्हा संयोजक पुन्हा आले. ध्वनिमुद्रण हवं होतं, ‘‘आणि मागे हलकीशी बासरी टाका.’’ म्हटलं, टाकतो, फक्त त्यांना एकदा विचारून या. ते काही विचारायला गेले नाहीत. फाइल दिली ती कोरडीच.