दीड टक्का, पण कशावर?

गुरुवार होता. भोसरीत गुरुवारची सुट्टी, मशीनं बंद, म्हणून काकांच्या वर्कशॉपला मी गुरुवारीच जाते, नाहीतर त्या सीएनसीच्या आवाजात बिलं जुळवत बसायचं म्हणजे डोकं उठतं. मी अशा सहा-सात छोट्या युनिटचं पार्टटाइम अकाउंट बघते, टॅली, जीएसटी, टीडीएस, पगार, जे पडेल ते.

शटर अर्धं वर, काका स्टुलावर, हातात मोबाईल. चहा पण विचारला नाही, म्हणजे काहीतरी बिनसलेलं. "ताई, हे बघा, दोन लाख छत्तीस हजार यायला पाहिजे होते, एक लाख सदुसष्ट हजार एकशे सदुसष्ट आलेत. मधले कुणी खाल्ले?"

आता हे पैसे कसले ते सांगते. काका पंपाचे शाफ्ट आणि बुश करतात, एका मोठ्या कंपनीला देतात. कंपनी चांगली, ऑर्डर रेग्युलर, फक्त पेमेंट ९० दिवसांनी, आणि ९० म्हणजे कागदावर ९०. इकडे स्टीलवाला रोख मागतो, पोरांचा पगार सात तारखेला आणि बिलावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच, पार्टीने पैसे दिलेले असोत नसोत. बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची उचल, कायम काठोकाठ. त्यात ९० दिवसांच्या पुढची येणी बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे किती उचलता येईल त्या हिशोबात, धरत नाही, म्हणजे पार्टी जितकी उशीर करणार तितकी आपली लिमिट अजून आटणार. मग वर्षभरापूर्वी एक फायनान्सवाला आला, म्हणाला बिल आम्हाला द्या, ८० टक्के दोन दिवसांत खात्यात, उरलेले २० पार्टीचे पैसे आले की. चार्ज फक्त दीड टक्का. कागदावर फॅक्टरिंग लिहिलेलं, बोलताना सगळे बिल डिस्काउंटिंगच म्हणतात.

आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते सँक्शन लेटर काकांनी मला दाखवलं होतं. मी उभ्या उभ्या वाचलं, स्कूटीची किल्ली हातात, आणि म्हणलं दीड टक्का ठीक आहे काका, घ्या. हे मला त्या गुरुवारी आठवलं आणि पोटात गोळाच आला.

चलनबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला बसलो. बिल १० लाखाचं, १८ टक्के जीएसटी धरून ११ लाख ८० हजार. ८० टक्के म्हणजे ९ लाख ४४ हजार. पण खात्यात किती आलेले? स्टेटमेंट काढलं तर ८ लाख ८३ हजार ९३८. काकांना हे माहीतच नव्हतं, म्हणजे रक्कम बघितलेली पण "कापतात काहीतरी" म्हणून सोडून दिलेली. तर कापलं काय, दीड टक्का महिना प्रमाणे तीन महिन्यांचं आगाऊ, आणि तेही दिलेल्या ९ लाख ४४ हजारांवर नाही, पूर्ण ११ लाख ८० हजारांवर. ५३ हजार १००. म्हणजे जे २० टक्के त्यांनी आपल्याला दिलेच नाहीत, त्यांच्याच खिशात आहेत, त्याचं पण व्याज आपणच भरतोय! वर प्रोसेसिंग फी बिलाच्या अर्धा टक्का, त्यावर जीएसटी, ६ हजार ९६२. (त्यातले १,०६२ जीएसटीच्या इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतात, तेवढंच समाधान.)

काका म्हणाले बरं, ते झालं, पण आत्ताचं काय. आत्ताचं म्हणजे पार्टीने पैसे दिले ११८व्या दिवशी. लेटरच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं, ड्यू तारखेनंतर अडीच टक्के महिना, परत पूर्ण बिलावरच. २८ दिवसांचे झाले २७ हजार ५३३, ते मागे ठेवलेल्या २ लाख ३६ हजारातून वळते केले. आणि अजून ४१ हजार ३०० गेलेत ते फायनान्सवाल्याने नाही खाल्ले, ती पार्टीची रिजेक्शनची डेबिट नोट, म्हणजे नाकारलेल्या मालाची कपात, ३५ हजार अधिक जीएसटी. ती तशीही कापली गेलीच असती, पण एरवी काकांना कळली असती आणि त्यांनी भांडून अर्धी तरी सोडवली असती. इथे पैसे परस्पर फायनान्सवाल्याकडे जातात, तिकडे कोण भांडणार.

डेबिट नोट बाजूला ठेवली. नुसता पैशाचा खर्च ५३,१०० अधिक ६,९६२ अधिक २७,५३३, म्हणजे ८७ हजार ५९५. हातात आलेले ८ लाख ८३ हजार ९३८, वापरले ११८ दिवस. वर्षाचा दर काढला तर साडेतीस टक्क्यांच्या वर गेला. मी दोनदा केला हिशोब, मला वाटलं कॅल्क्युलेटरवर काहीतरी चुकतंय. काकांची सीसी साडेदहा टक्क्यांची आहे आणि तिच्या व्याजावर ते दर महिन्याला कुरकुर करतात.

या बिलात काकांना सुटणार होते एक-सव्वा लाख. त्यातले पाऊण भाग तिथेच.

मग मी लेजर उघडलं. वर्षात सात बिलं दिलेली, डिस्काउंटिंग चार्जेस ५ लाख २१ हजार. हे खातं मीच उघडलेलं, मीच एंट्री मारलेल्या, एकेक करून, आणि एकदाही बेरीज बघितली नाही. दोन ऑपरेटरचा वर्षाचा पगार आहे तो. काका काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन चहा सांगून आले, मला त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

चहा येईपर्यंत अजून एक सापडलं आणि ते जास्त घाबरवणारं होतं. बँकेचं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि येण्यांचा हिशोब, काकांचा मुलगा पाठवतो, मी फक्त आकडे देते. त्यात हेच बिल येण्यांमध्ये धरलेलं! म्हणजे एकाच बिलावर बँकेकडून पण लिमिट आणि फायनान्सवाल्याकडून पण पैसे. त्याच्या मनात काही नव्हतं हो, त्याला वाटलं पार्टीकडून पैसे यायचेत म्हणजे येणंच. पण बँक असं भोळेपण धरत नाही. त्याच संध्याकाळी सुधारित स्टेटमेंट करून मेल केलं आणि दुसऱ्या दिवशी काका स्वतः मॅनेजरला जाऊन भेटून आले.

कुणी म्हणेल कायदा आहे की. आहे ना. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. हे मी वाचून दाखवलं तर काका हसले, "व्याज मागतो, मग शाफ्ट कुणाला विकू?" इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) आल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२४ पासून, मोठ्या पार्ट्या जरा हलतात, कारण छोट्या उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच धरता येतो. पण त्यासाठी आपण उद्यमवाले, म्हणजे सरकारकडे छोटा उद्योग म्हणून नोंदलेले, आहोत हे त्यांना कळायला तर पाहिजे. काकांच्या बिलावर उद्यम नंबरच नव्हता. तो त्याच दिवशी टाकला, दोन मिनिटांचं काम.

खरा फरक पडला तो ट्रेड्सने, म्हणजे छोट्या उद्योगांची बिलं ऑनलाइन वटवायच्या प्लॅटफॉर्मने. तिथे बिल चढवायचं, पार्टीने ते मान्य करायचं, मग बँका बोली लावतात, आणि मुख्य म्हणजे पार्टीने पैसे बुडवले तर बँक आपल्या मागे येत नाही. फायनान्सवाल्याच्या लेटरमध्ये उलटं होतं, अमुक दिवसांत पार्टीने दिले नाहीत तर सगळी रक्कम काकांनी परत करायची, सही केलेले चेक दिलेले. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर यायला मार्च २०२५ ची मुदत होती, ही पार्टी आलेली पण होती, पण नाव नोंदवणं वेगळं आणि तुमचं बिल मान्य करणं वेगळं. अडीच महिने काका त्यांच्या अकाउंट्सच्या मागे लागले. शेवटी तेवढ्याच रकमेचं एक बिल झालं, ९.२ टक्के वार्षिक, ८२ दिवसांसाठी, व्याज २४ हजार ४०० च्या आत, वर प्लॅटफॉर्मची थोडी फी. काकांनी मला तो स्क्रीनशॉट तीनदा पाठवला.

दुसरी एक पार्टी छोटी आहे, ती ट्रेड्सवर नाही आणि येणार पण नाही. तिची दोन बिलं अजून त्याच फायनान्सवाल्याकडे आहेत. काकांनी त्याला बोलावून विचारलं दीड टक्का कशावर, तर म्हणे सर सगळे असेच घेतात. बरंच ताणल्यावर दिलेल्या रकमेवर धरायला तयार झाला, उशिराचे अडीच मात्र सोडले नाहीत. पहिल्या बिलाची ड्यू तारीख १४ आहे. काकांनी पार्टीला कालच पहिला फोन केला, आठ दिवस आधी.