आमची वाटचाल : जांभ्याच्या खाली

रत्नागिरीत १९९८ साली आम्ही माती-परीक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा भांडवल म्हणजे एक लोखंडी तिपाई, जुनी विंच आणि आय.एस. २१३१ या भारतीय मानकाप्रमाणे, ठोके मारून चाचणीची नळी मातीत उतरवण्याचा ६३.५ किलोचा हातोडा एवढेच होते. तो हातोडा आजही तोच आहे. ७५ सेंटिमीटरवरून तो नेमका पडावा म्हणून दांड्यावर मारलेली खूण मात्र दर पावसाळ्यानंतर नव्याने रंगवावी लागते. पहिली काही वर्षे बरी गेली.

खाडीलगतच्या एका तीन मजली इमारतीच्या कामात आमची फर्म बुडता बुडता राहिली. चार मीटरवर जांभा लागला आणि पन्नास ठोक्यांत नळी पंधरा सेंटिमीटरही उतरेना. दुसऱ्या एका फर्मने तेथेच बोअर थांबवून ‘कठीण थर’ असा अहवाल दिला. आम्ही केसिंग, म्हणजे बोअरची भिंत ढासळू नये म्हणून घालतात तो लोखंडी पाइप, उतरवून जांभा पार केला, तर खाली पांढुरकी, ओली चिकणमाती निघाली आणि तिचे एन-मूल्य, म्हणजे नळी शेवटचे तीस सेंटिमीटर उतरायला लागलेले ठोके, जेमतेम सहा भरले. जांभ्याच्या कवचाखाली अशी माती असू शकते, हे आपल्याकडे विहीर खणणाऱ्या गड्यालाही ठाऊक असते. पण आम्ही बोअरच्या खोलीचे मीटर वाढवून बिल फुगवतो असे मालकांच्या मनात भरवण्यात आले आणि ते तालुकाभर पसरले. पुढची दीड वर्षे तिपाई अंगणात गंजत होती. तेवढ्या काळात राजापूरकडचे एक वयस्कर कंत्राटदार, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, तेच काय ते काम देत राहिले. “खोल जा, पैशाचं मी बघतो,” याहून अधिक ते कधी बोलले नाहीत.

तिसऱ्या पावसाळ्यात त्या इमारतीची खाडीकडची बाजू खचली आणि मालक आमच्याच दारात आले. जोत्यातून दीडशे मिलिमीटर व्यासाची छिद्रे जांभा आणि चिकणमाती भेदून काळ्या कातळात नेली, त्यांत सळया सोडून सिमेंटचे ग्राउट (पातळ मिश्रण) भरले आणि या मायक्रोपाइलांनी भार कातळावर घेतल्यावर खचणे थांबले.

नव्या मुलांनी विचारलेले नाही, तरी सांगतो : भूजलाखालच्या वाळूत ही ठोक्यांची चाचणी घेताना बोअरमधले पाणी भूजलपातळीच्या वरच ठेवावे, नाहीतर तळाची वाळू उसळून सैल होते आणि ठोके खोटेच कमी भरतात.

मायक्रोपाइलांचे बिल मालकांनी वेळेवर चुकते केले. पहिल्या अहवालाचे निम्मे पैसे मात्र अद्याप यायचे आहेत.