लाल कार्ड दाखवलं, मग पुढे? इंग्लंडातून सोलापूरकरांसाठी

इंग्लंडात शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे फुटबॉलचे सामने टीव्हीवर दाखवत नाहीत. लोकांनी घरी न बसता मैदानावर यावं म्हणून हा जुना दंडक. सोलापुरात मात्र तेच सामने थंडीच्या दिवसांत रात्री साडेआठला, ताटात कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेऊन, मोबाईलवर सुखात बघता येतात. त्यामुळे कुणी कुणाला कोपर मारलं की ते नवी पेठेतल्या पोराला आधी दिसतं आणि इथल्या माणसाला मागून. प्रश्नही तिकडूनच येतो : एवढं करून तीनच सामन्यांची बंदी? आणि परत केलं तरी तीनच?

तीन हा फक्त सुरुवातीचा आकडा आहे. इंग्लिश फुटबॉल असोसिएशनचं, म्हणजे एफएचं, शिक्षांचं दरपत्रक ठरलेलं असतं. ताकिदीची दोन पिवळी कार्डं मिळून लाल, म्हणजे मैदानाबाहेर, झालं तर एक सामना बंदी, हिंसक वर्तनाला तीन, थुंकण्याला सहा. त्याच हंगामात आधी एकदा लाल कार्ड झालं असेल तर वर एक सामना जादा. यासाठी सुनावणी लागत नाही. पंचाचा अहवाल गेला की बंदी आपोआप सुरू. ती देशातल्या सगळ्या स्पर्धांना लागते, मैत्रीपूर्ण सामना खेळून ती फेडता येत नाही.

‘हिंसक वर्तन’ हा शब्द आपल्याकडे कुठल्याही धसमुसळ्या टॅकलला चिकटवतात, तो घोळ आधी सोडवू. चेंडूसाठी झटताना कुणी पाय मोडेल असा घुसला तर त्याचा गुन्हा वेगळा. तोही लाल, पण हिंसक वर्तन नव्हे. चेंडूचा संबंध नसताना अंगावर जाणं म्हणजे हिंसक वर्तन. मार लागलाच पाहिजे असं नाही, हुकलेला ठोसाही त्यातच येतो. समोर प्रतिस्पर्धीच हवा असंही नाही. स्वतःच्या संघातला सोबती, पंच, प्रेक्षक, कुणीही चालतो. डोक्यावर किंवा तोंडावर मुद्दाम हात मारला आणि जोर अगदीच नगण्य नसला तर वाद संपला. चावणं मात्र नियमांत थुंकण्याच्या शेजारी वेगळं लिहिलेलं आहे.

चावण्यावरून उरुग्वेचा लुईस सुआरेझ आठवणारच. नोव्हेंबर २०१० मध्ये आयाक्सकडून खेळताना त्याने पीएसव्हीच्या ओटमान बक्कालला चावलं : नेदरलंड्समध्ये सात सामने. एप्रिल २०१३ मध्ये इंग्लंडात लिव्हरपूलकडून चेल्सीच्या इव्हानोविचला : दहा सामने. पंचांनी ते पाहिलं नव्हतं. पण एफएने आरोप ठेवतानाच सांगितलं की नेहमीचे तीन इथे पुरणार नाहीत. जून २०१४ मध्ये विश्वचषकात, ब्राझीलच्या नाताल शहरात, इटलीच्या किएलिनीला : फिफाकडून, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेकडून, नऊ आंतरराष्ट्रीय सामने, शिवाय फुटबॉलच्या कुठल्याही कामापासून चार महिने दूर, आणि एक लाख स्विस फ्रँक दंड. शिक्षा चढत गेली, चावणं थांबलं नाही. पण या तिसऱ्या शिक्षेचा हिशेब नीट मांडून बघण्यासारखा आहे.

चार महिने ऐकायला जबर वाटतात. जूनच्या अखेरीस सुरू झालेल्या त्या चार महिन्यांपैकी जवळजवळ दोन युरोपातल्या उन्हाळी सुट्टीतच गेले. दरम्यान तो स्पेनच्या बार्सिलोना क्लबात गेला. ऑगस्टमध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने बंदी कायम ठेवली, पण सराव आणि मैत्रीपूर्ण सामने मोकळे केले. २५ ऑक्टोबरला तो थेट रिअल माद्रिदविरुद्ध उतरला. ला लिगात, म्हणजे स्पेनच्या लीगमध्ये, चुकले ते आठ सामने. उलट नऊ आंतरराष्ट्रीय सामन्यांची बंदी कागदावर लहान दिसते, पण मोजायचे ते अधिकृत सामनेच, आणि देशाकडून तसे सामने वर्षाला थोडेच होतात. त्याला उरुग्वेसाठी पुन्हा अधिकृत सामना खेळायला मिळाला तो मार्च २०१६ मध्ये, ब्राझीलविरुद्ध. म्हणजे नऊ सामने फेडायला एकवीस महिने लागले. बंदी कशात मोजली हे न बघता आकड्यावर वाद घालणं म्हणजे किलो आणि लिटरची भांडणं.

दुसरी गळती असते कुंपणाची, म्हणजे बंदी कुठवर लागते याची. इंग्लिश खेळाडू जोई बार्टनचं उदाहरण घ्या. मॅन्चेस्टर सिटीत असताना, २००७ साली, सरावात त्याने आपल्याच संघातल्या उस्मान दाबोला मारलं. त्याबद्दल न्यायालयाने चार महिन्यांची स्थगित कैद दिली आणि एफएने बारा सामने, त्यातले सहा टांगते, म्हणजे पुन्हा चुकला तरच लागणारे. मधे लिव्हरपूल शहरातल्या मारहाणीसाठी तो खरोखर तुरुंगातही जाऊन आला. मग १३ मे २०१२, सिटी विरुद्ध क्वीन्स पार्क रेंजर्स, आणि बार्टन आता क्वीन्स पार्कचा कर्णधार. सिटीच्या तेवेझला मारून लाल कार्ड, बाहेर जाता जाता अग्वेरोला लाथ, कोम्पनीला डोकं मारायचा प्रयत्न. हिशेब असा झाला : तेवेझचे चार, कारण हंगामातलं ते दुसरं लाल होतं, आणि बाकीच्या दोन आरोपांचे मिळून आठ. एकूण बारा सामने, ७५ हजार पौंड दंड. क्लबने सहा आठवड्यांचा पगार कापला, कर्णधारपदही काढलं. पुढे तो फ्रान्सच्या मार्सेय क्लबाला उसना गेला. फ्रान्सच्या लीगमध्ये इंग्लंडची बंदी पाळली गेली, पण युरोपभरच्या क्लबांची युरोपा लीग त्या बंदीत नव्हती. शिक्षा चालू असतानाच गडी सप्टेंबरात युरोपात खेळला. नियमाविरुद्ध यात काहीच नव्हतं.

म्हणूनच गंभीर प्रकरणांत राष्ट्रीय संघटनेला फिफाकडे अर्ज करून बंदी जगभर लागू करून घ्यावी लागते. ते विसरलं तर खेळाडू विमान पकडतो.

पंचाने पाहिलंच नाही तर? इंग्लंडात वरच्या पातळीवर काम केलेले तीन माजी पंच चित्रफीत स्वतंत्रपणे, एकमेकांशी न बोलता बघतात. तिघांनीही ‘लाल’ म्हटलं तरच आरोप. दोघे म्हणाले, एक नाही म्हणाला, तर विषय बंद. पंचाने प्रसंग पाहून पिवळं दिलं असेल तर तो निर्णय सहसा उघडत नाहीत. ही कायम बोचणारी गोष्ट आहे, पण तिच्यामागे कारण आहे : नाहीतर दर सोमवारी शनिवारचे सामने नव्याने खेळावे लागतील. अपवाद झाला तो २००६ मध्ये. बेन थॅचरने पेद्रो मेंडेसला कोपर घालून बेशुद्ध पाडलं, पंचाने पिवळं दिलं, तरी एफएने आठ सामन्यांची बंदी घातली आणि वर पंधरा सामने दोन वर्षं टांगते ठेवले. माझ्या मते वारंवार हात उचलणाऱ्यासाठी ही टांगती बंदी सगळ्यात कामाची. दंड त्याच्या खिशाला जाणवत नाही. डोक्यावरचे पंधरा सामने क्लबच्या मॅनेजरला जाणवतात, मग तोच त्याला सांभाळतो किंवा विकतो.

न्यायालय यात क्वचित येतं. स्कॉटलंडच्या ग्लासगो रेंजर्सच्या डंकन फर्ग्युसनने १९९४ मध्ये रेथ रोव्हर्सच्या जॉन मॅकस्टेला डोकं मारलं, पंचाने कार्डही दाखवलं नाही. स्कॉटिश संघटनेने बारा सामने दिले. पण आधीच्या मारहाणीसाठी तो परिवीक्षेवर, म्हणजे नीट वागण्याच्या अटीवर मोकळा, होता, म्हणून न्यायालयाने तीन महिने कैद सुनावली, त्यातले ४४ दिवस त्याने काढले. मैदानावरची डोक्याची टक्कर तीच, फरक पाडला मागच्या नोंदीने. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम २५ संमतीने खेळताना झालेल्या इजेला संरक्षण देतं. चेंडू लांब असताना मारलेल्या ठोशाला संमती होती असं सांगणं वकिलालाही जड जाईल.

आता आपल्या मैदानांकडे. सोलापूरकडची स्पर्धा बहुधा बाद पद्धतीची, आठवड्याभरात संपणारी. तिथे तीन सामन्यांची बंदी म्हणजे काहीच नाही. संघ दुसऱ्याच दिवशी हरला की शिक्षा हवेत. म्हणून बंदी महिन्यांत लिहा आणि ती मंडळाला नव्हे, खेळाडूला लावा. नाहीतर पुढच्या महिन्यात तोच गडी दुसऱ्या मंडळाचा टी-शर्ट घालून हजर. त्यासाठी नोंदवही एकच हवी, जिल्ह्याच्या पातळीवर : नाव, जन्मतारीख, फोटो, काय केलं, किती तारखेपर्यंत बंदी. आणि नवी स्पर्धा सुरू होण्याआधी, नोंदणीच्या टेबलावरच, कुणीतरी ती उघडून बघायला हवी. वही असते, उघडत कुणी नाही.

प्रकरण फसतं ते बहुतेकदा पंचाच्या अहवालात. “७ नंबरने मारामारी केली” एवढ्यावर कुठल्याही समितीचा निर्णय टिकत नाही. असं लिहावं : “४१वं मिनिट. चेंडू खेळात, मध्यरेषेजवळ. निळा ७ आणि हिरवा ४ हिरव्यांच्या गोलसमोर, चेंडूपासून साधारण ३० मीटर. ७ ने बंद मुठीने ४ च्या डाव्या गालावर मारलं. मी १० मीटरवर, मधे कुणी नाही. त्याआधी ४ ने त्याचा टी-शर्ट ओढला होता. ७ ला लाल कार्ड. ४ च्या ओठातून रक्त, प्रथमोपचार घेऊन तो खेळला.” फुटबॉलला उभं राहणाऱ्या कबड्डीच्या पंचांना दोन मिनिटं बाहेर बसवायच्या पिवळ्या कार्डाची सवय असते, म्हणून ते कार्ड दाखवून मोकळे होतात. इथे खरं काम कार्डानंतर, त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना आहे.

सुनावणीला तीन माणसं बसवा, त्यात दोन्ही मंडळांचा कुणी नको. आरोप लेखी द्या, खेळाडूचं म्हणणं ऐका. आधी दोषी की नाही हे ठरवा, जुनी नोंद त्यानंतरच काढा. उलटं केलं तर पहिल्या पानावरच त्याला दोषी धरलं जातं, आणि अपिलात सगळं कोसळतं. शेवटी कारणं लिहा, अर्धं पान पुरे, आणि त्याची प्रत वहीत त्याच नावापुढे चिकटवा.